मानेचा डोमकावळा: पोच्या 'द रेव्हन'साठी काढलेली लिथो चित्रं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८७५ साली पॅरिसमध्ये 'ल कॉर्बो' नावाचं एक भलंमोठं, पातळ आणि न शिवलेलं पुस्तक निघालं. मूळ कविता अमेरिकन कवी एडगर ॲलन पोची, फ्रेंच अनुवाद स्तेफान मालार्मेचा आणि चित्रं एदुआर्द मानेची. छापील चित्रांचा नाद असलेल्या मंडळींत या पुस्तकाचा विषय निघाला की फिरून फिरून हेच प्रश्न येतात. उत्तरांत माहितीबरोबर माझी मतंही आली आहेत. ती मतं म्हणूनच घ्यावीत.

माने की मोने?

माने. दोघेही फ्रेंच, दोघेही चित्रकार, एकमेकांचे मित्र, आणि आपल्याकडे दोन्ही आडनावांची माणसं चाळीच्या एकाच मजल्यावर सापडतील, त्यामुळे घोळ होणारच. कमळांची तळी रंगवणारा तो क्लोद मोने. आपला एदुआर्द माने (१८३२–१८८३) म्हणजे १८६५ च्या सरकारी प्रदर्शनात 'ऑलिंपिया' लावून पॅरिसची झोप उडवणारा. काळा रंग कसा वापरावा हे त्याच्याकडून शिकावं. इंप्रेशनिस्ट मंडळींनी, म्हणजे मोने वगैरे क्षणाचा उजेड पकडू पाहणाऱ्या चित्रकारांनी, पुढे आपल्या रंगांच्या पाट्यांवरून काळा रंग जवळजवळ हद्दपार केला, मानेने तो शेवटपर्यंत सोडला नाही. पुढची सगळी चर्चा या काळ्याभोवतीच फिरते.

कविता वाचलेली नाही. गोष्ट काय आहे?

डिसेंबरातली मध्यरात्र. एक अभ्यासू माणूस खोलीत एकटा बसून जुनी पुस्तकं चाळतो आहे. त्याची लेनोर वारली आहे आणि तिची आठवण टाळण्यासाठीच वाचन चाललंय. दारावर टकटक होते. दार उघडतो तर नुसता काळोख. मग खिडकीपाशी आवाज येतो, खिडकी उघडतो तर एक डोमकावळा ऐटीत आत शिरतो आणि दारावरच्या पॅलस देवीच्या पुतळ्यावर जाऊन बसतो. त्याला एकच शब्द येतो: 'नेव्हरमोअर', पुन्हा कधीच नाही. माणूस आधी गंमत म्हणून त्याला प्रश्न विचारतो. उत्तर काय येणार हे कळल्यावरही विचारत राहतो, आणि दर वेळी अधिक दुखेल असा प्रश्न निवडतो. शेवटी पक्षी हलत नाही, त्याची सावली जमिनीवर पसरलेली असते आणि त्या सावलीतून आपला जीव कधीच सुटणार नाही असं म्हणून माणूस थांबतो.

अठरा कडवी, एकशे आठ ओळी. २९ जानेवारी १८४५ ला न्यू यॉर्कच्या एका वृत्तपत्रात छापून आली आणि पो रातोरात सगळ्यांना माहीत झाला. मध्यरात्र, मेलेली प्रेयसी, अपशकुनी पक्षी, स्वतःच्या मनाची भीती असा हा सगळा गॉथिक ऐवज आहे. पण भूत एकही नाही. जे काही भयानक आहे ते त्या माणसाच्या प्रश्नांत आहे. माने हे नीट समजला होता असं मला वाटतं.

हा आपला नेहमीचा कावळाच ना?

नाही. आपला गावकावळा याच्या निम्म्या वजनाचाही नसतो. रेव्हन मोठा, गळ्याशी दाढीसारखी पिसं असलेला, जाड चोचीचा. हिमालयात आणि वायव्येकडच्या कोरड्या भागात दिसतो, कोकणात नाही. पिंडाला शिवणारा कावळा डोक्यात ठेवून ही कविता वाचली तर थोडी गडबड होते. आपला कावळा मेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली का ते सांगतो, पोचा पक्षी काहीच सांगत नाही.

पोला आधी पोपट सुचला होता, हे त्याने स्वतःच 'द फिलॉसॉफी ऑफ कॉम्पोझिशन' या १८४६ च्या लेखात लिहिलं आहे. बोलणारा पक्षी हवा होता, पण पोपटाने कवितेचा सूर बिघडला असता. चार्ल्स डिकन्सच्या 'बार्नबी रज'मध्ये ग्रिप नावाचा बोलका रेव्हन आहे. पोने त्या कादंबरीचं परीक्षण लिहिताना या पक्ष्याचा आणखी चांगला उपयोग करता आला असता असं म्हटलं होतं. डिकन्सने पाळलेला खराखुरा ग्रिप पेंढा भरून आजही फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेला आहे.

अमेरिकन कविता पॅरिसच्या चित्रकाराकडे कशी पोचली?

मध्ये दोन कवी आहेत. पहिला शार्ल बोदलेर. त्याने पोचं गद्य फ्रेंचमध्ये आणण्यात आयुष्यातली कित्येक वर्षं घातली आणि 'द रेव्हन'चाही गद्य अनुवाद केला. बोदलेर मानेचा जवळचा मित्र होता, १८६७ मध्ये तो वारला.

दुसरा मालार्मे. पो नीट वाचता यावा म्हणून आपण इंग्रजी शिकलो, असं त्याने १८८५ मध्ये कवी पॉल व्हर्लेनला लिहिलेल्या पत्रात म्हटलंय. पोटासाठी तो शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि नोकरीला वैतागलेला असायचा. १८७३ मध्ये त्याची मानेशी ओळख झाली. शाळा सुटली की घरी जाताना तो मानेच्या स्टुडिओत डोकावायचा. दहा वर्षं आपण मानेला रोज भेटलो, हेही त्याच पत्रात आहे. १८७४ मध्ये सरकारी प्रदर्शनाच्या निवड समितीने मानेची चित्रं नाकारली तेव्हा मालार्मेने त्याची बाजू घेऊन लेख लिहिला. वयात दहा वर्षांचं अंतर, माने पॅरिसभर बदनाम आणि मालार्मेला जेमतेम कोणी ओळखत होतं. त्यांच्या या रोजच्या गप्पांतून पुस्तक निघालं.

प्रकाशक रिशार लेस्क्लीद. हाच माणूस पुढे व्हिक्टर ह्यूगोचा सचिव झाला. त्याने आदल्या वर्षी, १८७४ मध्ये, शार्ल क्रोच्या 'ल फ्लव्ह' या कवितेचं मानेच्या एचिंगसह (आम्लाने पत्र्यात रेषा खोदून छापलेली चित्रं) शंभर प्रतींचं पुस्तक काढलं होतं. असला आतबट्ट्याचा व्यवहार पुन्हा करायला तो तयार झाला, यावरून माणसाची कल्पना यावी.

पुस्तकात एकूण किती चित्रं आहेत आणि कशाची?

सहा. चार पूर्ण पानाची आणि दोन लहान.

लहानांपैकी एक मुखपृष्ठावर: पक्ष्याचं डोकं, एका बाजूने. हेच डोकं जाहिरातीच्या भित्तिपत्रकावरही वापरलं. दुसरं ग्रंथस्वामित्वाच्या चिठ्ठीसाठी: पंख पसरून उडणारा पक्षी. या दुसऱ्यात कुंचल्याचे फटके मोजता येतील इतके कमी आहेत. जाड चोच, वर उचललेले पंख आणि मध्ये नुसता कोरा कागद.

मोठी चार कवितेच्या क्रमाने येतात.

पहिल्यात माणूस दिव्याखाली, टेबलाशी, डोकं हातावर टेकवून. दिव्याभोवती उजेड आहे तो कागदाचा पांढरा, बाकी खोली आडव्यातिडव्या काळ्या फटकाऱ्यांनी भरलेली. चेहरा ओळखीचा वाटतो, कारण मिशा आणि केस मालार्मेचे आहेत. ही ओळख जवळजवळ सगळेच अभ्यासक मान्य करतात. पुढच्या वर्षी मानेने मालार्मेचं तैलचित्र केलं, ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ते शेजारी ठेवून बघा.

दुसऱ्यात तो खिडकी उघडतो आणि पक्षी आत येतो. इथे मानेने एक मोठी मोकळीक घेतली. पोच्या कवितेत शहराचं नावगाव नाही, बाहेर अंधार आणि वादळ. मानेच्या खिडकीतून मात्र पॅरिसची छपरं आणि धुराडी दिसतात. कुठल्याशा जुन्या वाड्यात घडणारी गोष्ट त्याने चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत आणून सोडली. खिडकीत उभा माणूस १८७५ सालचा आहे, त्याच्या अंगात झब्बे नाहीत, हातात मेणबत्त्यांचं झाड नाही. मला हे चित्र चारांत सर्वांत धाडसी वाटतं, कारण भीती वाटण्यासाठी लागणारं सगळं नेपथ्य त्याने काढून टाकलंय.

तिसऱ्यात पक्षी पॅलसच्या डोक्यावर. पोने पॅलसच का निवडली तेही त्याने लिहून ठेवलंय: संगमरवर पांढरा, पिसं काळी, आणि विद्येची देवता म्हणून अभ्यासू माणसाच्या खोलीत शोभणारी. एकाच शाईत छापणाऱ्या चित्रकाराला हे आयतंच मिळालं. पुतळा म्हणजे न रंगवलेला कागद आणि पक्षी म्हणजे ओल्या कुंचल्याने थापलेला डाग. पक्ष्याच्या मागे भिंतीवर त्याची सावली पडते, तीही काळीच, त्यामुळे पक्षी कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते हे पाहायला दोनदा डोळे न्यावे लागतात.

चौथ्यात फक्त रिकामी खुर्ची आहे. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

लेनोर कुठे आहे?

कुठेच नाही. सहापैकी एकाही चित्रात ती नाही. स्वप्नात नाही, आठवणीत नाही, भिंतीवर टांगलेल्या तसबिरीतही नाही. हा प्रश्न विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा ग्युस्ताव दोरे या फ्रेंच चित्रकाराची 'द रेव्हन'वरची चित्रं आधी भेटलेली असतात, कारण दोरेकडे लेनोर ढगांतून, पडद्यांतून, देवदूतांच्या घोळक्यातून सारखी येत असते.

मानेने तिला गाळलं हे मला कवितेशी जास्त इमानी वाटतं. कवितेत ती बोलत नाही, तिचं वर्णनही फारसं नाही. आहे ते तिचं नाव आणि ती नसल्याची जाणीव.

शेवटच्या चित्रात नेमकं काय दाखवलंय?

खुर्ची, तीही अर्धी कळणारी. तिच्याभोवती आणि खाली काळे झपाटे, आणि जमिनीवर पक्ष्याची सावली. माणूस गेलाय, पक्षीही थेट दिसत नाही.

पुस्तक हातात नसताना, मोबाइलच्या पडद्यावर हे चित्र कोणी दाखवलं तर ते कुठल्या तरी विसाव्या शतकातल्या अमूर्त चित्रकाराचं वाटेल. जवळून पाहिलं तर कुंचला कुठे शाईने भरलेला होता आणि कुठे सुकत आला होता हे कळतं: फटक्याच्या सुरुवातीला भरीव काळं, आणि शेवटाकडे केस फाकून पांढऱ्या रेघा उमटलेल्या. फटके वेगवेगळ्या दिशांनी मारलेत. खुर्चीच्या पाठीचे उभे, जमिनीचे आडवे, सावलीचे तिरके. दिशा बदलली म्हणून वस्तू वेगळी कळते. बाह्यरेषा फार कमी ठिकाणी आहे.

इथे एक जुना वाद सांगायला हवा. कवितेत दिव्याचा उजेड पक्ष्यावरून पडतो आणि सावली जमिनीवर येते. तेव्हाच वाचकांनी विचारलं की पक्षी दारावर, तर दिवा त्याच्याही वर कसा? पोने १८४६ मध्ये एका चाहत्याला पत्रातून उत्तर दिलं: दार आणि पुतळ्याच्याही वर भिंतीत बसवलेलं दीपदान आपल्या मनात होतं, श्रीमंतांच्या घरी असतं तसं. मानेच्या पहिल्या चित्रात दिवा टेबलावर आहे. म्हणजे हिशेबाने शेवटची सावली तिथे पडायला नको. मला नाही वाटत मानेने क्षणभरही हा हिशेब केला असेल, आणि चित्र बघताना आपणही करत नाही.

चित्रं अर्धवट, घाईत केल्यासारखी का दिसतात?

मानेवर हा आरोप आयुष्यभर झाला, तैलचित्रांबद्दलसुद्धा. इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

एक, जपान. १८६० नंतर पॅरिसमध्ये जपानी छापील चित्रांची लाट होती आणि माने त्या लाटेत चांगलाच भिजलेला होता. या पुस्तकाच्या काळातलं त्याचं एक छापील पान आहे, त्यावर डोमकावळ्याची डोकी आणि तामा नावाचा जपानी जातीचा छोटा कुत्रा एकाच कागदावर काढलेत, शिवाय जपानी शिक्क्यांची नक्कलही. त्याचं डोकं त्या दिवसांत कुठे होतं याचा यापेक्षा चांगला पुरावा नको. कुंचला, काळी शाई आणि मोकळा सोडलेला कागद, ही सगळी तिकडची शिकवण.

दोन, तंत्र. ते पुढच्या उत्तरांत येतं.

लिथो म्हणजे काय? दगडावर कोरतात का?

कोरत नाहीत, हाच तर मुद्दा आहे. लाकडी ठशात आणि तांब्याच्या पत्र्यात काही ना काही खोदावं लागतं. लिथोत पृष्ठभाग सपाटच राहतो. तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत एवढ्याच गोष्टीवर सगळा खेळ आहे. चुनखडीच्या घोटलेल्या दगडावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, मग डिंक आणि थोडं आम्ल यांचा हात फिरवायचा. नंतर दगड ओला केला की कोऱ्या जागा पाणी धरतात, आणि शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चरबी लागलेल्या जागी चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप तयार. बव्हेरियातल्या आलॉइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी हे शोधून काढलं, आणि सर्वांत चांगला दगडही तिथलाच, झोल्नहोफेनचा.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी नाही. आपल्या जुन्या पोथ्या आणि पंचांगं शिळाछापावर निघायची. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ मध्ये छापलेलं पंचांग शिळाछापाचंच. राजा रविवर्म्याची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी गेली तीही लिथोच्या दगडांवरून. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागायचा. माने या पुस्तकात एकाच काळ्यावर थांबला.

मग माने दगडावरच चित्र काढत होता?

या पुस्तकासाठी नाही. त्याने कागदावर काढलं. अशा कागदावर आधी खळ किंवा डिंकाचा पातळ थर दिलेला असतो. त्यावर चरबीयुक्त शाईने, कुंचल्याने चित्र काढायचं. मग तो कागद दमट करून दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर पालथा घालायचा आणि दाबायचा. थर पाण्याने सुटतो, कागद सोलून निघतो, शाई खाली बसते. पुढची कृती नेहमीच्या लिथोसारखीच.

याचे दोन फायदे. दगडावर थेट काढलेलं चित्र छापताना आरशातल्यासारखं उलटतं. इथे दोनदा उलटून ते सुलटच येतं, म्हणजे चित्रकाराचा हात जसा फिरला तसाच छापात दिसतो. दुसरा फायदा असा की जड दगड ओढत बसावं लागत नाही, स्टुडिओत बसून कागदावर काम करता येतं. तोटाही आहे: दगडाच्या दाणेदार पृष्ठभागावर खडूने जी मऊ करडी छटा मिळते ती इथे मिळत नाही. एकतर काळं, नाहीतर कोरं. मानेने ती करडी छटा शोधण्याचा प्रयत्नच केला नाही. फटके जवळ आले की गडद, लांब गेले की उजळ, एवढ्यावर त्याने काम भागवलं. म्हणून चित्रं 'घाईत' केल्यासारखी दिसतात.

थेट दगडावरचं मानेचं काम पाहायचं असेल तर १८७१ च्या पॅरिस कम्युनवरचं, म्हणजे पॅरिसमधल्या फसलेल्या उठावावरचं, 'गेर सिव्हील' हे लिथो पाहा. त्यात खडूचा पोत भरपूर आहे.

पुस्तक म्हणून ते कसं होतं? खपलं का?

आकार प्रचंड: उंची साधारण ५५ सेंटिमीटर, म्हणजे घडी न घातलेल्या वर्तमानपत्राएवढी. समोरासमोर इंग्रजी आणि फ्रेंच मजकूर, सुटी पानं, वर जाड वेष्टन. मालार्मेचा अनुवाद गद्यात आहे, एका कडव्याला एक परिच्छेद. यमकं आणि ठेका सोडून दिला आणि वाक्यांची वळणं मात्र जपली. काहींना हा पराभव वाटतो. मला वाटतं, मूळ इंग्रजी शेजारीच छापलंय तर ठेका तिथे वाचावा.

२४० प्रती काढायचं जाहीर झालं, त्यांवर कवी आणि चित्रकार दोघांच्या सह्या. खपल्या फार थोड्या. कारणं शोधायला लांब जायला नको. ज्यांना पो आवडायचा त्यांना माने झेपत नव्हता, ज्यांना माने आवडायचा ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि पुस्तकसंग्राहकांना नक्षीदार, बारीक काम केलेली एचिंग हवी होती. शिवाय हे पुस्तक कुठल्याही कपाटात मावत नाही. मालार्मे आणि मानेला लगेच पोचीच 'द सिटी इन द सी' ही कविता करायची होती. लेस्क्लीदने हात जोडले.

त्या काळच्या लोकांना आवडलं कोणाला?

इंग्लंडमध्ये कवी स्विनबर्नने मालार्मेला पत्र लिहून मनापासून दाद दिली. अमेरिकेत सारा हेलन व्हिटमन यांच्याकडे प्रत पोचली. पोशी त्यांचं लग्न ठरून मोडलं होतं, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं त्या त्याच्या बाजूने लढत होत्या. मालार्मेशी त्यांचा पत्रव्यवहार यातूनच सुरू झाला.

आणि शिव्या कोणी दिल्या?

इंग्रज कवी-चित्रकार दान्ते गॅब्रिएल रोझेटीने, आणि भरपूर. १८८१ मध्ये जेन मॉरिस या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने मानेला फ्रेंच मूर्ख आणि जगातलं सर्वांत गर्विष्ठ गाढव ठरवलं, आणि वेड्यांच्या इस्पितळात रोग्यांना हसवायला याची एकेक प्रत ठेवावी असं सुचवलं. गंमत म्हणजे रोझेटीने स्वतः विशीच्या आसपास 'द रेव्हन'वर चित्रं काढली होती, त्यांत देवदूत आणि आत्मे खोलीतून चाललेत. ती नीट आखलेली, अभ्यासाची चित्रं आहेत. त्याला मानेचा राग का आला असेल हे ती पाहिल्यावर कळतं.

दोरेची चित्रं जास्त प्रसिद्ध आहेत. ती चांगली की ही?

दोरेची चित्रं लिथो नाहीत, लाकडी ठशांवर कोरलेली आहेत. कोरणारे कारागीर वेगळे, दोरेने चित्र काढून दिलं. पुस्तक १८८४ मध्ये न्यू यॉर्कला निघालं, तोवर दोरे वारला होता. तो आणि माने एकाच वर्षी, १८८३ मध्ये, गेले.

दोरे ओळ घेतो आणि तिच्यातला प्रत्येक शब्द रंगमंचावर उभा करतो. मृत्यू म्हटलं की हातात कोयता घेतलेला सांगाडा आलाच. तंत्र अफाट आहे, नाकारायचं कारण नाही, आणि लहानपणी पाहिली तर झोप उडवतील. पण दोन-तीनदा पाहिल्यावर माझं त्यांच्याकडे बघून संपतं. मानेचं खुर्चीचं चित्र संपत नाही.

पोच्या नावाने आणखी एकाने लिथो केली: फ्रेंच चित्रकार ओदिलाँ रदाँ, १८८२, 'एडगर पोला' (अर्पण अशा अर्थाने) या नावाचा सहा चित्रांचा संच. त्यात कुठल्याच एका कथेचं चित्रण नाही, चित्रांखालच्या ओळीही रदाँच्या स्वतःच्याच. ती वेगळीच वाट. उलट दिशेला, मागे गेलात तर फ्रेंच चित्रकार देलाक्रवाची गोएथच्या 'फाउस्ट' या नाटकावरची १८२८ ची सतरा लिथो भेटतात. तरुणपणी मानेने देलाक्रवाच्या तैलचित्राची नक्कल केली होती, तेव्हा ही परंपरा त्याला अनोळखी नव्हती. देलाक्रवाच्या चित्रांत मेफिस्टो, म्हणजे नाटकातला सैतान, प्रत्यक्ष आकाशातून उडतो. मानेकडे उडणारं म्हणजे फक्त तो पक्षी.

हे पहिलं 'आर्टिस्ट्स बुक', म्हणजे चित्रकाराची कलाकृती म्हणून काढलेलं पुस्तक, होतं, असं म्हणतात. खरं का?

पहिलं कोण याच्या भांडणात मी पडत नाही. एवढं खरं की आधी चित्रकार मजकुराला नटवायला बोलावला जायचा, इथे कवी आणि चित्रकार बरोबरीने बसले आणि सह्याही दोघांनी केल्या. १९०० मध्ये चित्रविक्रेता आणि प्रकाशक व्होलारने चित्रकार बोनारच्या लिथोसह व्हर्लेनच्या कविता छापल्या आणि मग अशा पुस्तकांची रांगच लागली. त्या रांगेच्या बरंच आधी हे पुस्तक आहे.

या जोडीने पुढे काही केलं का?

हो. १८७६ मध्ये मालार्मेची स्वतःची फॉनवरची (रोमन पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड) कविता निघाली, १९५ प्रती, त्यात मानेचे छोटे लाकडी ठसे. 'ल कॉर्बो'च्या मानाने हे तळहातावर मावणारं. १८८८ मध्ये पोच्या कवितांचे मालार्मेने केलेले अनुवाद ब्रुसेल्सला एकत्र छापले गेले तेव्हा माने जाऊन पाच वर्षं झाली होती. पुस्तक त्याच्या स्मृतीला अर्पण आहे, 'आपण दोघांनी मिळून वाचलेली ही पानं' अशा शब्दांत.

पक्षी मात्र मालार्मेला चिकटला तो चिकटलाच. चित्रकार गोगाँने १८९१ मध्ये मालार्मेचं एचिंग केलं, त्यात त्याच्या डोक्यामागे डोमकावळा बसलाय. त्याच गोगाँने १८९७ मध्ये ताहितीत 'नेव्हरमोअर' नावाचं तैलचित्र केलं, ते लंडनच्या कोर्टोल्ड कलादालनात आहे.

ही चित्रं कुठे पाहता येतील?

घरबसल्या: फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर, न्यू यॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या संग्रहात, आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मजकुरासह. कॉपीराइट केव्हाच संपलाय, उतरवून घ्यायला हरकत नाही. पडद्यावर बघताना चित्र मोठं करून शाईच्या कडा बघा, नाहीतर अर्धी मजा जाते.

प्रत्यक्ष पाहायचं तर युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांच्या मुद्राचित्र विभागात आधी कळवून जावं लागतं. कागदावरची चित्रं उजेडाने खराब होतात म्हणून ती कायम भिंतीवर नसतात.

ऑनलाइन लिलावात 'मानेचं अस्सल लिथो' म्हणून सुटं पान दिसलं. घ्यावं का?

पुस्तक न शिवलेलं असल्यामुळे पानं सुटी झाली आणि विकली गेली हे खरं, त्यामुळे अस्सल पान मिळणं अशक्य नाही. पण नंतरच्या प्रतिकृती त्याहून कितीतरी जास्त आहेत. आधी माप विचारा: पान वहीच्या आकाराचं असेल तर विषय संपला. मग दहापट मोठं दाखवणारं भिंग लावून काळा भाग बघा. एका ओळीत मांडलेले बारीक ठिपके दिसले तर ती यांत्रिक छपाई आहे. ठिपके दिसले नाहीत म्हणून अस्सलच असं मात्र नाही, जुन्या काही चांगल्या प्रतिकृतींत ठिपके नसतात. पेन्सिलीने केलेली मानेची सही दाखवत असतील तर जास्तच सावध व्हा, कारण सह्या किती प्रती छापल्या ते सांगणाऱ्या पानावर होत्या, चित्राचित्रावर नव्हत्या. कागद कुठला, आधी कोणाकडे होतं आणि मानेच्या छापील चित्रांच्या सूचीतला क्रमांक काय, हे तीन प्रश्न लेखी विचारा. विकणारा माहीतगार असेल तर उत्तर लगेच येतं. टाळाटाळ झाली तर पैसे खिशात ठेवा आणि गॅलिकावरून उतरवलेलं पान चांगल्या कागदावर छापून घ्या.